पाठमोरं बाक

१

ओरेस्ट मेल्निचुक मेला त्या रविवारी लीगच्या मुख्य कचेरीतून आम्हाला दोन फोन आले. पहिला दुःख व्यक्त करायला. दुसरा, मरताना तो कितपत धडधाकट होता हे विचारायला. दुसरा फोन जास्त वेळ चालला.

दोन्ही मीच घेतले. मी डिलन फ्रीझन. कॅनडातल्या सास्काटून मॅगपाइज या आइस हॉकी क्लबात मी छत सांभाळतो. गळतं ते छत नव्हे, पगारांचं. कुठल्याही क्लबाच्या खेळाडूंच्या पगारांची बेरीज लीगने ठरवलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये, याला आम्ही छत म्हणतो. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत म्हणून ही सोय. करार मात्र पक्के असतात. माणूस खेळो न खेळो, त्याचा पगार बेरजेत धरला जातो.

याला एकच पळवाट आहे. एखादा खेळाडू दीर्घकाळ जायबंदी झाला, तर त्याचा पगार बेरजेतून वगळला जातो, शिवाय तेवढंच छताच्या वर जायची मुभा मिळते, म्हणजे त्याच्या जागी दुसरा घेता यावा. त्यामुळे मोठ्या पगाराचा आणि कधीच न खेळणारा माणूस आमच्या धंद्यात फार कामाचा असतो.

ओरेस्ट तसा होता. तीन हिवाळ्यांपूर्वी एका सामन्यात कोणाचा तरी खांदा त्याच्या जबड्यावर बसला. तेव्हापासून मान खाली घातली की त्याला सगळं जग गरगरताना दिसायचं. मग क्लबांनी त्याला एकमेकांना विकायला सुरुवात केली. ज्या शहरांत त्याने पाऊल ठेवलं नाही तिथले चाहते त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायचे. शेवटी आमचा जनरल मॅनेजर लॉर्न टिसडेल याने त्याला परत आणला, त्याच्या स्वतःच्या गावी. तरुणपणी दोघे मॅगपाइजच्या एकाच फळीत खेळलेले. गावाने बँड लावून स्वागत केलं. आम्ही त्याला घेतला होता तो त्याने खेळू नये म्हणून, हे बँडवाल्यांना कोणी सांगितलं नाही.

अट एकच होती, ओरेस्टने बर्फावर उतरायचं नाही. तो बरा झाला असं ठरलं असतं, तर त्याचा अख्खा पगार छतावर कोसळला असता आणि त्याच दिवशी आम्हाला चांगली माणसं बाहेर काढावी लागली असती. म्हणून लीगचा नियम होता, की क्लबातल्या कोणीही त्याला स्केटिंग करताना पाहिलं तर लगेच कळवायचं. ऑक्टोबरमध्ये ही नियमावली सगळ्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

"स्वप्नात दिसला तर?" गोलकीपरने विचारलं.

"जुन्या फोटोत दिसला तर?" दुसऱ्या कोणी विचारलं.

"आणि हिशोब्या," लॉर्न म्हणाला, "नुसता ऐकू आला तर?"

"कानांबद्दल नियमात काही नाही," मी म्हणालो. सगळे हसले. लॉर्नही हसला.

आणि आता, मार्चच्या पहिल्या रविवारी, वस्तीतल्या बर्फाच्या उघड्या रिंकवर, फिरायला निघालेल्या एका बाईंना ओरेस्ट पडलेला सापडला होता. पायांत स्केट्स. त्याच्या स्वतःच्याच, टाचेवर त्याचा नंबर कोरलेल्या. या स्केट्स आमच्या स्टेडियमच्या लॉबीत, काचेच्या कपाटात कुलपात असतात. वर पाटी, 'गावाचा लाडका ओरेस्ट'. माणूस जिवंत असताना त्याची अशी मांडणी करणं मला जरा घाईचं वाटायचं.

फोन ठेवून मी लॉबीत धावलो. कपाटाला कुलूप होतं. काच शाबूत होती.

आणि आत स्केट्स होत्या.

२

लीगने चौकशीला पाठवलेल्या बर्निस पेल्तिए या घोडदळ पोलिसांतून निवृत्त झालेल्या बाई. सूर्यफुलाच्या बिया सोलत सोलत बोलायच्या आणि टरफलं स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकायच्या.

"पोलीस म्हणतात घातपात नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूत रक्तस्राव. पडायच्या आधीच गेला असावा, बहुधा. मग लीगने मला कशाला पाठवलं?"

"तो फिट होता का ते बघायला."

"मेलेला माणूस?"

"मरायच्या आधी."

बाईंनी एक बी फोडली. "चांगली लीग आहे रे तुमची."

आम्ही ओरेस्टच्या घरी गेलो. त्याची मुलगी लॅरिसा स्वयंपाकघरात पेरोही, म्हणजे सारण भरलेल्या युक्रेनी करंज्या, लाटत होती. चर्चच्या हॉलमध्ये अंत्यविधीनंतर जेवण असतं, त्यासाठी. टेबल भरलं होतं, खुर्च्या भरल्या होत्या, फ्रीजवरही ताट होतं. एवढं खायला निम्मं सास्काटून लागलं असतं. तिला थांबायचं नव्हतं एवढंच.

"तुम्ही क्लबाचे की लीगचे?" तिने वर न बघता विचारलं.

"मी लीगची," बाई म्हणाल्या. "हा क्लबाचा. पण निरुपद्रवी आहे."

"मग ऐका. माझ्या तातोला, माझ्या बापाला, या लोकांनी तीन वर्षं बर्फाला पाय लावू दिला नाही. माझ्या मुलाचा वाढदिवस रिंकवर केला, तेव्हा हा गाडीत बसून राहिला. काच खाली करून. नातवाचा पहिला गोल त्याने गाडीतून पाहिला." तिने पारी उचलली, सारण न भरताच मिटली आणि ताटात ठेवली. "तुमचं छत टिको नाहीतर कोसळो. मला एकच सांगा. शेवटी तो एकटा होता का?"

बाईंनी पिशवीतून स्केट्स काढल्या. पोलिसांनी त्या नाड्या न सोडता, मागून चामडं कापून काढल्या होत्या.

"या नाड्या त्याने स्वतः बांधल्या असतील?"

लॅरिसा हसली, पण ते हसू नव्हतं. "मान खाली घालून? भिंत धरून उलट्या करायचा तो. मी त्याला तीन वर्षं बिननाडीचे बूट आणतेय."

बाईंनी स्वतःचा पाय खुर्चीवर ठेवला आणि आपल्या बुटाची गाठ मला दाखवली. मग स्केटवरची. दोन्ही सुरगाठीच, पण एक दुसरीच्या उलट.

"आपली आपण बांधली की अशी बसते. समोर बसून दुसऱ्याने बांधली की अशी. आणि हे बघ, नाडी घोट्याभोवती गुंडाळून मग गाठ मारलीय." त्या लॅरिसाकडे वळल्या. "मेल्निचुक नाडी घोट्याला गुंडाळायचे?"

"तातो? कधीच नाही. गुंडाळली की पाय झोपतो म्हणायचा."

"म्हणजे कोणीतरी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलं होतं," बाई म्हणाल्या. "तू विचारलंस त्याचं अर्धं उत्तर हे. तिथे जाताना तो एकटा नव्हता."

लॅरिसाच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मग तो जो कोणी होता," ती म्हणाली, "तो तातोला तिथे टाकून का गेला?"

३

रिंक वस्तीच्या सभागृहामागे आहे. लाकडी फळ्यांचं कुंपण, आत बर्फ, कडेला एक बाक. ओरेस्टला पाहणाऱ्या बाई, श्रीमती इसाबेल गुडफेलो, आपल्या कुत्र्यासह तिथे आल्या. कुत्र्याचं नाव मेयर.

"आमच्या खऱ्या मेयरपेक्षा हा बरा," त्या म्हणाल्या. "हा निदान हाक मारली की येतो. पण त्या दिवशी येईना. मी बिचाऱ्या माणसाकडे धावतेय, आणि हा मला सभागृहाच्या मागे ओढतोय. मला वाटलं, ससा असेल."

"मागे जाऊन पाहिलंत?"

"समोर माणूस मेलाय आणि मी ससा शोधू?"

बर्निसबाईंनी मान हलवली. सभागृहामागच्या बर्फात बुटांचे ठसे होते, पण तिथे सगळ्या वस्तीच्या बुटांचे ठसे होते. बाई परत आल्या आणि बाकापाशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"हे बाक असंच होतं?"

"असंच," श्रीमती गुडफेलो म्हणाल्या. "पोरं फिरवून ठेवतात, दुसरं काय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकाची पाठ रिंककडे होती. त्यावर बसणाऱ्याला समोर दिसणार फक्त गाड्या ठेवायची जागा आणि दोन रोगट सूचिपर्णी झाडं. बाकापुढच्या कडक बर्फात टाचांचे दोन खड्डे पडले होते, कोणीतरी पाय रोवून पुष्कळ वेळ बसल्यासारखे. बाजूला कॉफीचा कागदी पेला गोठला होता.

"पोरं कॉफी पीत नाहीत," बाई म्हणाल्या. "बरं, तूच सांग डिलन. रिंकवर येऊन रिंककडे पाठ करून कोण बसतं?"

"आमचा बचाव करणारा खेळाडू. पण तो सामन्यात."

त्या हसल्या नाहीत. खरं म्हणजे मीही हसलो नव्हतो.

४

संशय घ्यायला सगळ्यात सोयीचा माणूस यूहो साल्मेला. वय एकवीस, फिनलंडचा, ओरेस्टच्या तळघरात भाड्याने राहणारा. आमच्या संघात त्याला जागा मिळाली होती ती ओरेस्टच्या जायबंदीपणामुळे मोकळ्या झालेल्या पगारातून. घर ओरेस्टचं, जागाही ओरेस्टची. लॅरिसा त्याला 'तातोचं बांडगूळ' म्हणायची आणि त्याच्यासाठी बोर्श्टचं, बिटाचं सूप बाजूला काढून ठेवायची.

"ओरेस्ट बरा झाला असता तर तुझी जागा गेली असती," बाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तो बरा होऊ नये ही तुझी इच्छा."

"त्याने बरं व्हावं आणि कोणाला कळू नये, ही माझी इच्छा."

"आणि तो मेला तर?"

यूहोने माझ्याकडे पाहिलं. "ते याला विचारा."

"मेला तर करारच संपतो," मी सांगितलं. "पगार गेला, आणि त्याच्या नावावर मिळालेली मुभाही गेली. यूहोला आम्हाला खालच्या लीगमध्ये धाडावं लागेल. याच आठवड्यात."

"मग ओरेस्टच्या मरण्याने फायदा कोणाचा?"

मी खरोखर विचार केला. क्लबाचा नाही, यूहोचा नाही, मुलीचा तर नाहीच.

"कोणाचाच नाही," मी म्हणालो. "सगळ्यांना तो अर्धा मेलेला हवा होता. पूर्ण मेलेला कोणालाच परवडणारा नव्हता."

यूहो एकदम रडायला लागला. एवढा मोठा माणूस, दात दोनच शाबूत, आणि नाक शर्टाच्या बाहीला पुसतोय.

"रविवारी सकाळी एक गाडी यायची," तो म्हणाला. "सगळा हिवाळा. ओरेस्ट म्हणायचा, लवकरच्या प्रार्थनेला जातो. परत यायचा तेव्हा गाल लाल आणि मोजे ओले. मी ते हीटरवर वाळत टाकायचो."

"आणि लीगला कळवलं नाहीस?"

"मी मोजे पाहिले. त्याला नाही पाहिलं."

बाईंच्या हातातली बी तोंडापर्यंत गेलीच नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत म्हण."

"त्याला नाही पाहिलं. पाहिलं असतं तर कळवावं लागलं असतं. म्हणून मी खिडकीशी कधी गेलोच नाही. गाडी कोणाची ते म्हणूनच माहीत नाही."

बाई उठल्या. "कपाट उघडायला चल," त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता, आणि मला ऑक्टोबरातलं ते हसणं आठवायला लागलं होतं.

५

कपाटाची किल्ली लॉर्नच्या टेबलाच्या खणात असते. त्याने ती काढून दिली. कशाला हवी, विचारलं नाही.

"तुम्हीही चला ना," बाई म्हणाल्या. लॉर्न आमच्या मागून लॉबीपर्यंत आला. त्याला चालायला बराच वेळ लागला. गुडघे गेलेत त्याचे.

बाईंनी आतल्या स्केट्स बाहेर काढल्या. ओरेस्टच्या होत्या तशाच जुन्या, त्याच काळातल्या, तपकिरी पडलेल्या. टाचेवरचा नंबर भिंतीकडे ठेवला होता. सगळा हिवाळा लोकांनी लेकरं कडेवर घेऊन या स्केट्ससोबत फोटो काढले. एका जोडप्याने तर यांच्यासमोर साखरपुडा केला.

"हे बघ," बाईंनी घोट्यावरचं चामडं मला दाखवलं. तिथे गोल खाच होती, वर्षानुवर्षं दोरीने घासलेल्या आडाच्या काठासारखी. "या स्केट्सचा मालक नाडी घोट्याभोवती गुंडाळतो. मेल्निचुक गुंडाळत नव्हता. पण त्याच्या पायात नाडी गुंडाळलेली होती. माणूस दुसऱ्याच्या नाड्या बांधतो तेव्हा आपल्याच सवयीने बांधतो. म्हणजे बांधणारा आणि या स्केट्सचा मालक एकच. त्याने कपाट रिकामं दिसू नये म्हणून आपल्या स्केट्स आत ठेवल्या. आणि कपाटाची किल्ली..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्या फक्त खाली बघत होत्या. मीही बघितलं. लॉर्नच्या बर्फातल्या बुटांच्या नाड्या घोट्याभोवती नीट दोन वेढे देऊन बांधलेल्या होत्या.

"टाच वळवून नंबर दाखवू?" बाईंनी हळू विचारलं.

"नको," लॉर्न म्हणाला. "लॅरिसाला बोलवा. दोनदा सांगायला मला जमणार नाही."

६

लॅरिसा पिठाच्या हातांनीच लॉर्नच्या खोलीत आली. लॉर्न तिच्याकडे न बघता, टेबलाकडे बघत बोलला.

"तो माझ्या मागे लागला होता. म्हणाला, लॉर्न, मला खेळायचं नाही, मला फक्त गोल फिरायचंय, मान सरळ ठेवून. मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा तो काही म्हणालाच नाही, नुसता माझ्याकडे बघत बसला. मग काय करणार?"

"गाडी तुझी," लॅरिसा म्हणाली.

"माझी. मी गुडघ्यांवर बसून त्याच्या नाड्या बांधायचो. एका फळीत खेळत होतो तेव्हा त्याने मला पाण्याची बाटली कधी उचलून दिली नव्हती. आता पाय पुढे करून राजासारखा बसायचा. 'घट्ट आवळ, म्हाताऱ्या,' म्हणायचा. मग मी त्याला बर्फावर उभा करायचो, बाक फिरवायचो आणि पाठ करून बसायचो."

"पाठ का?"

लॉर्नने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"पाहिलं असतं तर कळवावं लागलं असतं," तो म्हणाला. "कळवलं असतं तर त्याचं रविवारचं फिरणं गेलं असतं, संघातली पोरं गेली असती. मला लीगसमोर शपथेवर म्हणता यायला हवं होतं, की मी त्याला स्केटिंग करताना कधी पाहिलं नाही. आणि नाहीच पाहिलं गं. सगळा हिवाळा मी फक्त ऐकलं."

लॅरिसा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"त्या दिवशी आवाज थांबला. तो मधेमधे थांबायचाच, चक्कर उतरेपर्यंत. मी ओरडलो, 'काय रे, दमलास?' उत्तर नाही. मला खिजवायला तो कधीच उत्तर द्यायचा नाही. म्हणून मी वळलो नाही. मी कॉफी संपवली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी कॉफी संपवली, लॅरिसा."

मग त्याने पुढचं सांगितलं. वळला तेव्हा ओरेस्ट बर्फावर आडवा होता. लॉर्न त्याच्यापाशी गेला, डोकं मांडीवर घेतलं, आणि तसाच बसून राहिला. मग रस्त्यावर कुत्रं भुंकलं. आता माणूस येतोय, तो फोन करेल, असं म्हणत तो उठला आणि सभागृहामागे गेला. तिथून त्याला त्या बाई दिसल्या, कुत्रं दिसलं, रुग्णवाहिका येताना दिसली.

"पळालास," लॅरिसा म्हणाली.

"पळालो. डोळ्यांसमोर संघातली पोरं आली. माझी नोकरीही आली. खोटं कशाला सांगू?"

"आधी वळला असतास तर?"

"डॉक्टर म्हणतात, उपयोग झाला नसता. बहुधा."

"बहुधा," लॅरिसा म्हणाली.

७

बर्निसबाईंनी अहवालात सगळं लिहिलं. शेवटी लीगच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: ज्याला स्वतःच्या नाड्या बांधता येत नाहीत तो खेळाडू फिट नव्हता, सबब छत मोडलेलं नाही. लीगने समाधान व्यक्त केलं. मग लॉर्नला कामावरून काढायला लावलं. यूहोला आम्ही खालच्या लीगमध्ये पाठवलं. ते पत्र टाइप करून मी लॉबीत गेलो आणि रिकाम्या कपाटासमोर उभा राहिलो. तिथेही कोणीतरी फोटो काढत होतं.

अंत्यविधीला लॉर्न चर्चबाहेर गाडीत बसून होता. काच खाली करून. लॅरिसाने येताजाताना पाहिलं, थांबली नाही.

पण पुढच्या रविवारी तिने त्याला फोन केला, आणि मलाही. का ते सांगितलं नाही. रिंकवर पोहोचलो तेव्हा बर्फाच्या कडा विरघळायला लागल्या होत्या. लॉर्न फळीवर बसून कपाटातल्या त्याच्या त्या जुन्या स्केट्स घालत होता. नाड्या घोट्याभोवती गुंडाळत होता. चेहरा पांढरा फटक.

"माझे गुडघे बघ तरी," तो तिला म्हणाला.

"तातोचं डोकं तू बघितलं होतंस का? चल, ऊठ." मग ती मला म्हणाली, "डिलन, बाकाचं दुसरं टोक धर."

आम्ही बाक फिरवलं. पाठ रिंककडे. ती बसली, कोट आवळून, त्या दोन रोगट झाडांकडे तोंड करून. मी तिच्या शेजारी.

"त्याच्या स्केट्सचा आवाज यायचा तसा काढ," ती मागे न बघता म्हणाली.

"तो सरळ लांब जायचा," मागून लॉर्नचा आवाज आला. "वळणावर दोन तुटक. मग परत लांब."

"तसा काढ मग."

थोडा वेळ नुसतं खरखरणं. मग तो सूर सापडला. लांब. लांब. वळणावर दोन तुटक. परत लांब. मला एरवी अशा वेळी काहीतरी फाजील सुचतं. काही सुचलं नाही. लॅरिसाने डोळे मिटले होते आणि वळण आलं की तिचं डोकं किंचित कलत होतं.

पुन्हा लांब. दोन तुटक.

मग आवाज थांबला.

लॅरिसा ताबडतोब वळली, इतक्या जोरात की बाक उलटलं आणि मी बर्फात पडलो. ती फळीपाशी पोहोचलीही होती.

लॉर्न रिंकच्या मध्यभागी उभा होता. गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"दमलो गं," तो म्हणाला. "नुसता दमलोय."

"असू दे," लॅरिसा म्हणाली. तिने फळी घट्ट धरली होती. "मी बघतेय."